अनुभवी मासे

मासा खोकतो, ही गोष्ट माणसाला एकदम पटत नाही. धाकटीलाही ती कॉलेजात पहिल्यांदा ऐकली तेव्हा पटली नव्हती. पण खोकतो. कल्ल्यांत काही टोचलं, झोंबलं, की आत घेतलेलं पाणी तो उलट तोंडावाटे फेकतो, आपण ठसका लागल्यावर करतो तसंच. आवाज मात्र येत नाही. आवाज आला असता तर पुढचं बरंचसं रामायण टळलं असतं.

धाकटीची नोकरीच ती होती: माशांच्या खोकल्यावर लक्ष ठेवायचं. शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात, नदीचं पाणी जिथून आत शिरतं त्या लोखंडी दाराच्या बरोबर वर, एक लहान खोली होती. खोलीत एक लांबट काचेची टाकी. नदीचं पाणी एका नळीतून टाकीत येई आणि दुसरीतून निघून जाई. म्हणजे जे पाणी पुढे शहराच्या घशात उतरायचं, ते आधी टाकीतल्या सात माशांच्या कल्ल्यांतून जाई. मासे बोटाएवढे, चंदेरी, स्वभावाने भित्रे. टाकीच्या दोन्ही टोकांना दोन बारीक धातूच्या पट्ट्या पाण्यात सोडलेल्या होत्या. मासा खोकला की पट्ट्यांना ते कळे आणि भिंतीवरच्या यंत्राचा काटा टुणकन उडे. एखादी उडी कुणी मनावर घेत नसे; माणसालाही कधी उगाच ठसका लागतो. पण काटा सारखा नाचू लागला की हिरवा दिवा जाऊन लाल लागे, घंटा वाजे, आणि खाली स्टुलावर बसलेले दारवाले मामा उठून मोठं चाक फिरवत. नदीचं दार बंद होई. मग शहराला टेकडीवरच्या राखीव टाकीतलं पाणी जाई.

"प्रयोगशाळा असताना मासे कशाला?" हा प्रश्न तिला भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, आणि तिचं उत्तर पाठ झालं होतं. प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत ते पाणी पिऊन झालेलं असतं. शिवाय प्रयोगशाळा तेवढंच शोधते जे तिला शोधायला सांगितलंय. माशाला कुणी काही सांगितलेलं नसतं. त्याला नुसता त्रास होतो.

धाकटी हे काही तिचं नाव नव्हे. घरात दोन बहिणी, त्यातली ही धाकटी, एवढंच. पण नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ताईने केंद्रात फोन करून "धाकटी आहे का हो?" असं विचारलं आणि तो फोन नेमका मामांनी उचलला. तेव्हापासून मुख्य अभियंत्यांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती धाकटी.

ताई सध्या माहेरीच होती. भाऊजी दूरच्या कामावर, आणि मांडीवर सहा महिन्यांचं बाळ. डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं की आता बाळाला वरचं पाणी पाजायला सुरुवात करा. त्यामुळे घरात रोज सकाळी पाणी उकळणं, निववणं, गाळणं आणि बाटलीत भरणं हा एक सोहळाच चाले. बाळ बाटली दोन्ही हातांनी धरून अशा काही तंद्रीत प्यायचं, की धाकटीला दर वेळी एकच गोष्ट आठवायची: हे पाणी माझ्या टाकीतून आलंय.

घरात तिसरे होते काका. वडिलांचे मोठे भाऊ, निवृत्त, आणि प्रत्येक बाबतीत ठाम. काकांनी "आज पाऊस नाही" म्हटलं की ताई मुकाट्याने छत्री काढायची. काकांनी फ्रिज जन्मभर टिकेल असं सांगितलं, त्याच आठवड्यात त्याने मान टाकली. भाऊजींना पाहिल्यावर काका म्हणाले होते, "मुलगा तिरसट दिसतो," आणि घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून लग्न ठरवलं होतं. काकांचा अंदाज आजवर एकदाही बरोबर आलेला नव्हता. अर्थात त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. उलट घरातली प्रत्येक गोष्ट आधी त्यांना विचारली जाई. त्यामुळे काका फार समाधानी होते.

तर एके दिवशी दुपारी मासे खोकायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा. मग रोजच. सकाळी सातही मासे ठणठणीत, आणि दुपारी जेवणं आटोपायच्या सुमारास काटा वेड लागल्यासारखा उड्या मारतोय. लाल दिवा, घंटा, मामांचं चाक. भर दुपारी शहराला पाणी जास्त लागतं. राखीव टाकीच्या पाण्याला तेवढा जोर नाही. तिसऱ्या मजल्याच्या वर नळांतून नुसता वारा येऊ लागला, आणि वाऱ्याबरोबर साहेबांच्या टेबलावर तक्रारी.

साहेब म्हणजे मुख्य अभियंता. पंप, पाइप, दाब हे त्यांचं राज्य. जिवंत वस्तूंशी त्यांचा संबंध टेबलावरच्या कुंडीपुरता, आणि तीही प्लास्टिकची होती.

"कधीपासून खोकतायत?" त्यांनी धाकटीला बोलावून विचारलं.

"रोज दुपारी, साहेब. सकाळी काही नसतं."

"मग काहीतरी औषध बघा ना. खोकल्याचं मिळतं की."

"साहेब, ते आजारी नाहीत. पाणी आजारी आहे."

"आता पाण्याला कसं औषध देणार?"

"पाण्यालाच देतो ना आपण, साहेब. तेच तर केंद्राचं काम आहे."

खरं म्हणजे पाणी कुठे आजारी पडतं हे दोघांनाही माहीत होतं. नदीच्या वरच्या वळणावर सूत रंगवायचा कारखाना होता, आणि दुपारी तिथले रंगाचे, मिठाचे हौद रिकामे होत. साहेबांनी कारखानदारांना बोलावणं धाडलं.

कारखानदार आले. मऊ बोलणारे, गोलमटोल गृहस्थ; नखं कायमची जांभळी. खुर्चीत बसून त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "तुमच्या माशांबद्दल मला आदर आहे. पण त्यांचं मन साफ नाही."

"माशांचं?" धाकटी म्हणाली.

"मी कुणाला नावं ठेवत नाही. पण माझे हौद रिकामे व्हायची वेळ आणि यांच्या खोकल्याची वेळ एकच कशी?"

"मी तेच तर म्हणतेय."

"बघा साहेब. कबूल केलं यांनी. माझ्या कारखान्यावर डूख धरलाय माशांनी."

साहेबांनी कपाळ चोळलं. "मग तुमचं म्हणणं काय?"

"दुसरं मत घ्या. माझ्याकडे आहेत मासे. कारखान्यामागच्या तळ्यात लहानाचे मोठे केलेत मी. आमचं सगळं पाणी आधी त्याच तळ्यात पडतं, मग नदीला जातं. येऊन बघा, कसे बाळसेदार आहेत."

"दुसरं मत घ्यायला काही हरकत नाही," साहेब म्हणाले. "सासूबाईंच्या गुडघ्याचं आम्हीही घेतलं होतं."

चार दिवसांनी टाकीशेजारी दुसरी टाकी आली आणि तिच्यात कारखानदारांचे तीन मासे. मिशाळ, जाडजूड, अंगावर वांग्यासारखी चकाकी. कारखानदार स्वतः पिंप घेऊन आले होते आणि एकेकाला ओंजळीने पाण्यात सोडत होते. "हा थोरला. हा मधला. आणि हे शेंडेफळ, जरा हट्टी आहे, सांभाळून घ्या." त्यांच्या घरी मूलबाळ नव्हतं, हे मामांनी धाकटीच्या कानात सांगितलं.

परीक्षा सकाळी सुरू झाली. नदी नितळ होती. धाकटीचे सात मासे मजेत फिरत होते. कारखानदारांचे तिघे मात्र एका कोपऱ्यात अंग चोरून बसले आणि एकामागून एक खोकायला लागले. थोरल्याचा खोकला तर असा की शेपटीपर्यंत हादरत होता.

"प्रवास झालाय," कारखानदार काचेला नाक लावून म्हणाले. "दमलीत पोरं."

दुपारी नदीतून जांभळट पाणी आलं. चंदेरी सात जण खोकून बेजार झाले. आणि वांगी तिघे? ते कोपऱ्यातून बाहेर आले, त्यांनी मिशा पसरल्या आणि टाकीभर सुळसुळायला लागले. शेंडेफळाने तर चक्क कोलांटी मारली.

धाकटीला वाटलं, झालं, आता आंधळ्यालाही दिसेल. पिढ्यान् पिढ्या त्या खारट, रंगीत पाण्यात वाढलेल्या माशांना तेच पाणी घरचं, आणि चांगलं पाणी झोंबतं. तिने हे नीट, सावकाश समजावून सांगितलं.

साहेबांनीही नीट ऐकलं. "म्हणजे सकाळचं पाणी यांच्या माशांना बाधतं आणि दुपारचं तुमच्या. बरोबरी झाली."

"बरोबरी कशी, साहेब? यांचे मासे सरावलेत."

"सरावलेत म्हणजे अनुभवी आहेत. आणि तुमचे?"

"माझे स्वच्छ पाण्यात वाढलेत. म्हणून तर त्यांना फरक कळतो."

"म्हणजे लाडावलेले," साहेब म्हणाले. "बाहेरच्या जगाची हवा न लागलेले. धाकटी, मी पण नोकरीला लागलो तेव्हा पहिलं वर्षभर खोकतच होतो. मग सवय झाली." त्यांनी खिडकीतून खाली मामांच्या चाकाकडे पाहिलं आणि आवाज थोडा खाली आणला. "आणि यांचे मासे ठेवले तर दुपारी दार उघडं राहतं. दुपारीच लोकांना पाणी लागतं. तुम्ही जरा व्यवहार बघा."

तर अशा रीतीने सात चंदेरी मासे घरी बसवले गेले. धाकटीने त्यांना बादलीत घेतलं. मामा बादलीचा कान धरून फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "चांगलं काम करणाऱ्याचं असंच होतं बघ." ते माशांना म्हणाले की तिला, कळलं नाही.

घरी बाल्कनीत एक पिंप होतं, जुन्या चांगल्या पाण्याने भरलेलं. मासे त्यात गेले. बाळाला कठड्याशी बसवलं की ते पिंपाकडे बोट करून हुंकार देई.

केंद्रात आता उलटी गंगा सुरू झाली. सकाळी नदी नितळ वाहायची आणि वरच्या खोलीत थोरला, मधला, शेंडेफळ जीव तोडून खोकायचे. लाल दिवा, घंटा. मामा चांगल्या पाण्याच्या तोंडावर दार लावून घ्यायचे. दुपारी जांभळं पाणी आलं की मासे खुशीत, दिवा हिरवा, दार सताड उघडं.

"मामा, तुम्हाला काही वाटत नाही?" धाकटीने विचारलं.

"मला लाल दिसला की मी बंद करतो, हिरवा दिसला की उघडतो. लाल का झाला ते विचारायला मी काय डॉक्टर आहे?" मग चाकाला तेल घालत ते म्हणाले, "पण घरी मी सकाळीच भरून ठेवतो पाणी."

धाकटीचं घरही सकाळीच भरून ठेवत होतं. सकाळी नळाला राखीव टाकीचं पाणी होतं तोवर ठीक. पण ती टाकी अशी रोज अर्धा दिवस शहराला पुरण्यासाठी बांधलेलीच नव्हती. टेकडीवर जाऊन धाकटीने पट्टीने खोली मोजली, आणि मनातल्या मनात गणित केलं. आठवडाभरात ती कोरडी पडणार होती. त्यानंतर सकाळ-संध्याकाळ, बाळाच्या बाटलीत फक्त दुपारचंच पाणी.

त्या संध्याकाळी ताईने मुद्दाम नळाचं पाणी पातेल्यात उकळून पाहिलं. उकळल्यावर ते कमी झालं, रंग मात्र तसाच राहिला, किंबहुना जास्तच खुलला. गाळलं तर फडकं जांभळं झालं.

"धाकटे, हे मी पोराला पाजू?"

"नाही."

"मग पुढच्या आठवड्यात काय पाजू? तू तिथे नोकरी कशाची करतेस मग?"

धाकटी टेबलाशी बसून फडक्याकडे पाहत राहिली. इतक्यात काका आले. त्यांनी पातेल्यातलं पाणी पेल्यात ओतलं, दिव्यासमोर धरून निरखलं, वास घेतला आणि ठाम आवाजात म्हणाले, "उगाच बाऊ करता तुम्ही. उत्तम पाणी आहे."

ताईने पातेलं उचललं आणि मोरीत रिकामं केलं.

धाकटी ते पाहत होती. ताईने काकांशी वाद घातला नाही. काका चुकतात म्हणून डोकंही धरलं नाही. काका इतक्या इमानाने, इतक्या सातत्याने चुकतात की त्यांच्यासारखा भरवशाचा माणूस नाही. त्यांचं ऐकायचं आणि उलट करायचं, एवढंच. कधी बरोबर, कधी चूक सांगणारा माणूस घरात असता तर पंचाईत झाली असती.

"काका," ती हळूच म्हणाली, "मी उद्या साहेबांकडे एक मागणी करणार आहे. मान्य होईल?"

"साहेब? छे," काका म्हणाले. "दारातसुद्धा उभं करणार नाही तुला."

धाकटी त्या रात्री निवांत झोपली.

सकाळी ती साहेबांच्या खोलीत गेली. "साहेब, नवीन मासे आलेत, पण यंत्र जुन्या माशांच्या हिशेबाने जुळवलेलं आहे. नवीन माशांसाठी ते नव्याने जुळवायला हवं. यांचा खोकला म्हणजे पाणी चांगलं आणि यांचा आनंद म्हणजे पाणी वाईट. म्हणून दिव्यांच्या तारा अदलाबदल करते. लालच्या जागी हिरवी, हिरवीच्या जागी लाल."

तिने काहीही लपवलं नाही. साहेबांनीही काही ऐकलं नाही. त्यांच्यासमोर पंपाचा नकाशा पसरलेला होता. "नवीन माशांना नवीन जुळणी हवीच," ते म्हणाले. "एवढ्या तेवढ्यासाठी मला विचारत जाऊ नका."

तारा बदलायला पेचकस आणि पाच मिनिटं पुरली.

सकाळी मासे खोकले. हिरवा दिवा लागला. मामांनी दार उघडलं आणि नितळ नदी आत आली. दुपारी जांभळं पाणी आलं, थोरल्याने मिशा पसरल्या, मधल्याने शेपूट हलवलं, शेंडेफळाने कोलांटी मारली, आणि घंटा ठणाणा वाजायला लागली.

साहेब जिना चढून वर आले. त्यांनी टाकीत पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, पुन्हा टाकीत पाहिलं. "मासे तर खुशीत आहेत."

"हो, साहेब. म्हणून दार बंद केलं."

हळूहळू साहेबांच्या चेहऱ्यावर ओळखीची खूण उमटली. "आमच्या हाताखालची माणसं एकदम खुशीत दिसली," ते म्हणाले, "की मलाही वाटतं काहीतरी गडबड आहे."

"तसंच आहे, साहेब."

"मग बरोबर आहे."

बातमी कळताच कारखानदार धावतपळत आले. "हे उलटं लावलंय," ते धापा टाकत म्हणाले. "माझ्या माशांना एवढं बरं वाटतंय आणि तुम्ही दार लावता?"

"आम्ही तुमच्या माशांवर पूर्ण विश्वास ठेवलाय," धाकटी म्हणाली. "ते रोज दुपारी सांगतात की हे पाणी तुमच्या तळ्याचं आहे. एक दिवसही चुकले नाहीत. ते खोटं बोलतात असं म्हणायचंय का तुम्हाला?"

कारखानदारांनी तोंड उघडलं. मग काचेआड हुंदडणाऱ्या शेंडेफळाकडे त्यांची नजर गेली, आणि तोंड मिटलं.

"माझी पोरं खोटं बोलत नाहीत," ते म्हणाले.

इथेच त्यांचा पराभव झाला. चंदेरी माशांवर डूख धरल्याचा आरोप करता आला होता. पण हे तर घरचेच साक्षीदार. आता वरच्या मजल्यावरच्या लोकांनाही साहेब तेच सांगू लागले: दार आम्ही नाही, कारखान्याचे मासे बंद करतात, त्यांच्या मालकाशी बोला. लोक बोलले. कारखानदारांच्या दारात रोज दुपारी रिकाम्या बादल्यांची रांग लागू लागली. कुणी भांडत नसे, नुसते बादल्या घेऊन उभे राहत. त्यात एके दिवशी कारखानदारांची बायकोही उभी राहिली. ती चौथ्या मजल्यावर राहत होती, म्हणजे तेही तिथेच राहत होते. शेवटी कारखान्यात मोठे निवळणीचे हौद बांधले गेले, गाळणी आली, आणि एका दुपारी धाकटीने टाकीत पाहिलं तर येणारं पाणी सकाळच्याइतकंच नितळ होतं.

आणि तिघे मासे दिवसभर खोकत होते. दिवा दिवसभर हिरवा. शहर दिवसभर पाणी पीत होतं.

कारखानदार आता रोज भेटीला यायला लागले. टाकीसमोर स्टूल ओढून बसायचे. "थोरला वाळला हो," ते म्हणायचे. "मधल्याची मिशी बघा, पार उतरली." धाकटी यंत्राकडे बघत असल्याचं दाखवायची. तिलाही ते बघवत नव्हतं. पण घरी बाळ आता पेल्याने पाणी प्यायला शिकत होतं, निम्मं अंगावर सांडत.

मग एका सुट्टीच्या सकाळी, नदी आरशासारखी असताना आणि कारखान्याला कुलूप असताना, घंटा वाजली. लाल दिवा. मामांनी जागच्या जागी चाक फिरवलं. धाकटी जिना चढून वर आली तर कारखानदार टाकीच्या झाकणाशी वाकलेले. हातात थर्मास. थर्मासमधून जांभळी धार टाकीत पडत होती आणि तिन्ही मासे धारेखाली तोंडं उघडून नाचत होते.

"काय करताय?"

कारखानदार दचकले नाहीत. "एक घोटच," ते म्हणाले. "वसतिगृहात पोर ठेवलं की आई नाही का डबा घेऊन जात?"

"अहो, तुमच्या एका घोटापायी सगळ्या शहराचं पाणी बंद झालंय."

"माहीत आहे. आमच्याही नळाला गेलं असणार." त्यांनी थर्मासचं झाकण लावलं आणि स्टुलावर बसले. "पण बघा ना, कशी हसतायत."

खालून मामांनी ओरडून विचारलं, "ए धाकटे, उघडू का बंदच ठेवू?"

"बंदच, मामा. थोडा वेळ." ती कारखानदारांशेजारी दुसऱ्या स्टुलावर बसली. रंग टाकीतून हळूहळू धुवून जात होता. शेंडेफळाने शेवटची कोलांटी मारली आणि खोकायला सुरुवात केली.

"यांना घरी घेऊन जा," धाकटी म्हणाली.

"मग तुमचं यंत्र? मासे कुठून आणणार?"

"माझे आहेत ना. बाल्कनीत, पिंपात."

कारखानदारांनी तिच्याकडे पाहिलं. "ते डूख धरणारे?"

"नाजूक आहेत," ती म्हणाली. "लगेच खोकतात."

"तेच बरे," कारखानदार घाईघाईने म्हणाले. "या कामाला नाजूकच पाहिजेत. हे माझं मत मी साहेबांना आज सांगतो. अनुभवी माणसाला कशाला असल्या कामाला जुंपायचं?" मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "पण घरी यांना पाणी कुठलं घालू? माझ्या तळ्यातलं आता तुमच्यासारखंच झालंय."

धाकटीने विचार केला. हा प्रश्न तिला मनापासून आवडला होता. "पाण्यात थोडं मीठ घाला आणि चिमूटभर रंग. दर आठवड्याला चिमूट लहान करत न्या. घाई नको. खोकले की थोडे दिवस थांबा, आणि मला सांगा."

"सवय सुटेल?"

"माहीत नाही. आजवर कुणी करून बघितलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सात चंदेरी मासे बादलीतून परत आले. मामांनी फाटकापासून बादलीचा कान धरला. धाकटीने आधी तारा होत्या तशा जोडल्या, ओढून पाहिल्या, आणि मगच मासे टाकीत सोडले. काटा एकदा उडाला, एकदाच, आणि स्थिर झाला. खाली मामांनी दार उघडलं.

संध्याकाळी ताईने नळाखाली पातेलं धरलं आणि उजेडात नेऊन पाहिलं. तळाशी पातेल्याचा जुना पोचा स्पष्ट दिसत होता. तरीही ती थांबली आणि आतल्या खोलीकडे वळून म्हणाली, "काका, जरा बघा हो. कसं वाटतंय पाणी?"

काका चष्मा लावून आले. त्यांनी पातेल्यात वाकून पाहिलं, वास घेतला, एक घोट घेतला आणि मान हलवली.

"काही खरं नाही," ते म्हणाले. "हे पाणी पोराला बाधल्याशिवाय राहणार नाही."

ताईने बाळाचा पेला भरला.